उसनं बोट

१

थोरलीचा नेम बिघडला तेव्हा तिने आधी चष्मा बदलला, मग बूट, मग काडतुसांची कंपनी, आणि शेवटी रायफलीचा पट्टासुद्धा. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं धाकटीने तोंडावर सांगून टाकलं. दोघी बहिणी एकाच घरात राहत. थोरलीचा नवरा वारला होता, धाकटीचा जिवंत होता पण दुसरीकडे, आणि दोघींत नशीबवान कोण यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नव्हतं.

दुखणं चष्म्यात नव्हतं की बुटात नव्हतं. बोटात होतं. ज्या बोटाने ट्रिगर ओढायचा, त्याच बोटाचा शेंडा मेला होता. डॉक्टर म्हणाला, मानेत नस दबलीय, सुटली तर सुटेल. थोरलीने ही गोष्ट क्लबात कुणाला कळू दिली नाही. धाकटीला कळली ती नाकाने. थोरली इस्त्री करता करता फोनवर बोलत होती, बोट इस्त्रीला टेकलेलं, आणि बाईसाहेब हसत होत्या. करपल्याचा वास आला म्हणून धाकटी आतून धावत आली.

नेमबाजीतलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगायला हवं: चांगल्या रायफलीचा ट्रिगर दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात तो नुसता सैल मागे सरकतो आणि अडतो. त्या अडण्याला नेमबाज भिंत म्हणतात. भिंतीला बोट टेकवून थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, नेम बसला की कणभर भार वाढवायचा. भिंत पडते, गोळी जाते. सगळी विद्या त्या टेकण्यात आहे. आणि थोरलीला ती भिंत लागेनाशी झाली होती. ती आंधळ्यासारखी ओढायची आणि गोळी कुठल्या कुठे जायची.

क्लब चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे कर्नल म्हणत. सैन्यात ते एक दिवसही नव्हते, जन्म विमा कंपनीत गेला. पण मिशा होत्या आणि आवाज होता, तेवढ्यावर हुद्दा मिळाला. त्यांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, संघात जागा तीन. तुम्ही आता चौथ्या आहात. निवडीच्या सामन्यात वर आलात तर ठीक. नाहीतर या वयात बाहेर गेलेलं माणूस परत आत येत नाही, हे मी सांगायला नको."

"मग सांगताय कशाला?" थोरली म्हणाली. 

रायफल सोडली तर त्या बाईजवळ स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं.

२

ट्रिगर घासून देणारा एक मिस्त्री आहे, असं तिने ऐकलं होतं. भिंत अशी करून देतो म्हणे, की काचेवर नख टेकावं. फोनवर त्याने एकच अट घातली. "मी ट्रिगर दुरुस्त करत नाही. बोटाला बसवतो. ज्याचं बोट, त्याने येऊन बसायचं. दिवस जाईल."

फोन ठेवून थोरली बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिली. ज्याला काही लागतच नाही त्या बोटाला तो काय बसवणार? मग तिची नजर धाकटीकडे गेली.

धाकटी एका तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायच्या कामाला होती. सुकलेले म्हातारे, फुगलेली माणसं, केमोने शिरा करपलेल्या बाया, सगळ्यांच्या शिरा तिच्या बोटाच्या शेंड्याला सापडत. बाकीच्या मुली टोचून टोचून दमल्या की तिला हाक मारत. ती डोळे मिटायची, बोट फिरवायची आणि म्हणायची, इथे आहे. असायचीच.

"एक दिवस तुझं बोट दे," थोरली म्हणाली.

"बोट दिलं की मनगट धरशील. तुझी सवय माहितीये मला."

"मनगटाला काय करू? बोटच हवंय."

"आणि त्याला कळलं तर?"

"त्याला काय कळणार? आपली बोटं सारखीच आहेत. आईचीच."

हे खरं होतं. दोघींची बोटं लांब, शेंड्याला चपटी, नखं रुंद. आईने दोघींना वेगळं काही दिलं असेल तर ती फक्त जीभ.

३

मिस्त्रीची खोली एका लांब जिन्याच्या टोकाला होती. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. रस्ता खालीच होता, गाड्या दिसत होत्या, पण त्यांचा आवाज खिडकीच्या काचेपर्यंत येऊन जणू परत जात होता. टेबलावर रायफल घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा, तेलाची बाटली, घासायचे दगड मोठ्यापासून नखाएवढ्यापर्यंत, आणि हात टेकायला एक काळी गादी. गादीत मधोमध खळगा पडला होता.

"नेमबाज कोण?" मिस्त्रीने विचारलं. सुकलेला, नीटनेटका माणूस, वकिलाच्या कचेरीत शोभला असता.

"मी," धाकटी बेधडक म्हणाली. "ही बहीण. घरी करमत नाही म्हणून आलीय."

थोरलीने तिला टेबलाखालून पाय मारला.

त्याने धाकटीचा हात घेतला. बोट उजेडाकडे वळवलं, शेंडा दाबला, पांढरा होऊ दिला, सोडला, परत रंग येईपर्यंत बघत राहिला. "चांगलं आहे," तो म्हणाला. "याला कळतं."

"कळतं, पण वळत नाही," धाकटी म्हणाली. तो हसला नाही.

मग काम सुरू झालं. तो ट्रिगरचे पोलादी तुकडे काढायचा, भिंगाखाली धरून दगडावर दोनचार हात फिरवायचा, पुसायचा, परत बसवायचा. रायफल रिकामी, शिकंज्यात घट्ट. धाकटीने डोळे मिटून ओढायचं आणि म्हणायचं, अजून. परत काढायचं, परत घासायचं. अजून. थोरली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डुलक्या काढत होती. दगडाची खसखस आणि ते "अजून" याखेरीज खोलीत काही नव्हतं. दुपार कलली तेव्हा धाकटीचा आवाज असा झाला होता, की झोपेत कुणी हुंकार द्यावा.

शेवटी ती म्हणाली, "बस."

मिस्त्रीने तिचं बोट स्वतःच्या हाताने ट्रिगरवरून उचललं, सावकाश, जखमेवरची पट्टी काढावी तसं. "हात धुऊन या. गरम पाण्याने नको."

धाकटी बाहेर गेली. थोरली उठून टेबलापाशी आली. रायफल शिकंज्यात होती, जवळ कुणी नव्हतं, आणि ट्रिगर मागे सरकलेला होता. पुरता ओढलेला नव्हता. पहिला टप्पा संपतो तिथपर्यंत आलेला, आणि तिथे थांबलेला.

"स्प्रिंग बसायचीय अजून?" तिने विचारलं.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, मग रायफलीवर फडकं टाकलं. "थोडा वेळ झाकून ठेवलेलं बरं," तो म्हणाला.

४

क्लबात पहिल्या दिवशी थोरलीने रायफल खांद्याला लावली, बोट ट्रिगरवर ठेवलं, आणि पहिला टप्पा आलाच नाही. बोट टेकलं ते थेट भिंतीला टेकलं. आणि ते टेकलेलं तिला कळलं. कधीची मेलेली ती जागा एकदम जागी झाली. काचेवर नख. तिने कणभर भार वाढवला, गोळी गेली. दुर्बिणीतून बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितलं. मधोमध.

दुसरी, तिसरी, सगळ्या मधोमध. पुठ्ठ्याला एकच भोक, जरा फाटक्या कडांचं.

कर्नल पाठीमागे येऊन उभे राहिले. "बाई, काय खाऊन आलात?"

"तुमचं डोकं," थोरली म्हणाली. फार दिवसांनी तिला असं बोलता आलं.

एक गोष्ट मात्र खटकली. रायफलीचा ट्रिगर पोलादाचा, सकाळची वेळ गार. पण बोटाखाली तो गार नव्हता. दुसऱ्याने नुकतीच सोडलेली खुर्ची जशी लागते, तसा लागत होता.

घरी येऊन तिने रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतली आणि पेन्सिलीने ट्रिगर ओढून बघितला. पहिला टप्पा होता. सैल, मोकळा, पूर्वीसारखा. डाव्या हाताच्या बोटाने ओढला, तरी होता. उजव्या हाताचं बोट ठेवलं, की नाही. थेट भिंत.

थोरली भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने सरळ हिशेब मांडला. शेंडा अर्धा मेलेला. सैल टप्प्याला भार कमी, तो त्याला लागत नसणार. भिंतीला भार जास्त, ती लागते. बोट कधी सरकलं ते कळत नाही, पोचलं तेवढंच कळतं. झालं. हिशेब बिनचूक होता. तिने रायफल पुसून पेटीत ठेवली आणि हिशेब बिनचूक असूनही पेटीचं झाकण जरा जोरातच लावलं.

५

"आज एका म्हातारीला मी चाळणी केली," काही दिवसांनी धाकटी जेवताना म्हणाली. "शीर हातालाच लागेना. शेवटी त्या नव्या पोरीने काढलं रक्त. माझ्यासमोर. म्हणे, राहू द्या मॅडम, मी करते."

"दमली असशील."

"दमायला मी काय डोंगर चढले? बोट झोपलं होतं."

"कधी?"

"दुपारी. का?"

"काही नाही," थोरली म्हणाली. दुपारी ती क्लबाच्या रेंजवर नेम मारत होती.

बोट झोपायची मग सवयच लागली. आधी घटकाभर झोपायचं आणि मुंग्या येऊन उठायचं. पुढे पुढे मुंग्या यायच्या बंद झाल्या. धाकटी त्यावर विनोद करायची. "तुझ्या बोटाला साथ द्यायला निघालंय. घराण्याची रीत." प्रयोगशाळेत तिला आता नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं होतं. हे तिने हसत सांगितलं आणि मग उठून बराच वेळ मोरीत भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

त्या बाईला दुसरं काही येत नव्हतं, असं नाही. पण शीर सापडली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते थोरलीने दुसऱ्या कशानेही आलेलं बघितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. नवऱ्याने तर नाहीच.

थोरलीच्या बोटाला मात्र दिवसेंदिवस कळू लागलं होतं. कापडाचा पोत, कागदाची धार, चहाच्या कपाचा चटका. तिने हे धाकटीला सांगितलं नाही.

६

रविवारी सकाळी धाकटी स्वयंपाकघरात बटाटे चिरत होती. थोरली आतल्या खोलीत रिकामी रायफल घेऊन बसली. मध्ये दार, दार बंद. सुरीचा आवाज येत होता. खट, खट, खट. धाकटीचा हात तालात चालतो, आईसारखा.

थोरलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरला आणि बोट ट्रिगरवर ठेवलं.

सुरी थांबली.

तिने बोट उचललं. खट, खट.

ठेवलं. थांबली.

माणूस बटाटे चिरताना थांबतो. एक संपतो, दुसरा घ्यावा लागतो, केस मागे सारावे लागतात. थोरलीने स्वतःला हे सगळं समजावलं, आणि परत बोट ठेवलं, या वेळी बटाटा मध्यावर आला असेल अशा अंदाजाने. सुरी अर्ध्यात थांबली. आवाजावरून कळलं, की पात्याने चिरायला घेतलं आणि पुरतं खाली आलं नाही. थोरली तशीच बसून राहिली. स्वयंपाकघरात नळाचा थेंब पडत होता. बाकी काही नाही.

तिने ट्रिगर सोडला, रायफल मांडीवर आडवी ठेवली, दोन्ही हात बाजूला घेतले. सुरी चालू झाली नाही.

"का थांबलीस गं?" तिने हाक मारली.

"बोट आहे तिथेच राहिलंय," दारापलीकडून आवाज आला. धाकटीचा स्वर साधाच होता, पिशवीचा बंद तुटलाय असं सांगावं तसा. "येईल आता. येतं आपोआप. जरा वेळ लागतो हल्ली."

थोरलीने मांडीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ट्रिगर कुठे आहे ते दिसलं असतं, आणि ते तिला बघायचं नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी ती रायफल घेऊन मिस्त्रीकडे गेली. जिना चढताना तिने वाक्यं जुळवली होती, पण वर गेल्यावर एवढंच बोलली, "होतं तसं करून द्या."

"घासलेलं पोलाद परत भरता येत नाही," तो म्हणाला. "नवा ट्रिगर मागवावा लागेल. यायला महिना. त्रास काय आहे?"

"माझ्या बहिणीचं बोट."

"कुठली बहीण?"

"त्या दिवशी बसली होती ती."

मिस्त्रीने हातातला दगड खाली ठेवला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. "मी विचारलं होतं, नेमबाज कोण."

"हो."

"ज्याचं बोट, तोच नेमबाज असला की काही होत नाही," तो म्हणाला. "मी म्हणूनच विचारतो."

"आणि नसला तर?"

तो खिडकीकडे बघत राहिला. खाली एक ट्रक माल उतरवत होता, फळ्या रस्त्यावर आदळत होत्या, आणि खोलीत त्याचा आवाज नव्हता. "त्या आत्ता कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"कामावर."

"नक्की?"

"म्हणजे काय?"

त्याने पेटी तिच्याकडे सरकवली, तीही झाकणाला हात न लावता, टेबलावरच्या पट्टीने ढकलून. "नवा येईपर्यंत वापरू नका. घरात वापरू नका, रिकामीही वापरू नका."

निवडीचा सामना पुढच्याच आठवड्यात होता. दुसऱ्याची रायफल ऐन वेळी घेऊन काही होत नाही, हे थोरलीला माहीत होतं. उसन्या बुटाने कुणी शर्यत जिंकत नाही.

तिने घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. बोटाला परत कळू लागलंय, तेसुद्धा. सांगताना तिला वाटलं होतं, ही हसेल, किंवा ताट भिरकावेल. दोन्ही झालं असतं तर बरं झालं असतं. धाकटी बराच वेळ आपला हात उलटासुलटा करून बघत बसली.

"सामना मार," ती शेवटी म्हणाली.

"वेडी आहेस?"

"एक दिवसाचा प्रश्न. मग ती पेटी बंद कर. महिनाभर तू घरी बसलीस, आणि नंतर माझं बोट नाहीच आलं, तर? दोघींचं गेलं. तुझं तरी होऊ दे."

"अगं, बोट तुझं आहे."

"म्हणूनच मी सांगतेय. तुझं असतं तर तू कुणाला विचारलं असतंस?"

 उत्तर नसलं की माणूस जे करायचं असतं तेच करतो.

८

सामन्याच्या दिवशी धाकटीने रजा घेतली. "मी घरीच बसते. सुरी हातात घेत नाही. तू बिनघोर मार."

रेंजवर नेहमीचं होतं. कानांवरच्या टोप्या, बंदुकीच्या जळक्या दारूचा वास, चटयांवर पालथ्या पडलेल्या बाया, आणि मागे हात बांधून फिरणारे कर्नल. थोरलीने पडल्या पडल्या बोट ठेवलं. भिंत तयार होती. पूर्वी तिला वाटायचं की आपण भिंतीपाशी जातो. आज वाटलं की भिंत आपली वाट बघत होती.

पहिला पुठ्ठा मधोमध. दुसरा मधोमध. शेजारच्या चटईवरची चष्मेवाली मुलगी, जिने तिसरी जागा घेतली असती, एकदा मान वळवून बघून गेली. थोरलीच्या मनात आलं, बघ, पोरी, नीट बघ. तिचा श्वास लांब आणि थंड चालला होता. असा नेम तिला तरुणपणीही लागला नव्हता.

मग तिला ठोके लागले.

बारीक, एका लयीत. आधी तिला ती आपलीच नाडी वाटली. पालथं पडून पट्टा आवळला की दंडात नाडी उडतेच, नवशिक्यालाही ठाऊक असतं. ती थांबली, स्वतःची नाडी मनात मोजली. तिची संथ होती. ट्रिगरमधली भराभरा चालली होती. घाबरलेल्या माणसाची चालते तशी.

तिने बोट उचललं आणि या वेळी मान वाकवून बघितलं.

ट्रिगर मागे होता. भिंतीला टेकून थांबलेला. आणि जिथे बोटाचा शेंडा यावा तिथे पोलादावर वाफ धरली होती, रुपयाच्या नाण्याहून लहान, ओल्या काचेसारखी. बघता बघता ती वाफ मधोमध पुसली गेली, जणू शेंडा कणभर हलला. मग पुन्हा धरली.

शेवटचे पुठ्ठे राहिले होते. ते कसेबसे मारले असते तरी जागा पक्की होती.

थोरली तेवढा वेळ पडून राहिली, जेवढा वेळ माणसाला स्वतःबद्दल एक वाईट गोष्ट कळायला लागतो. कारण तिच्या मनात आलं होतं, एवढ्यात काय होतंय, थोडंच राहिलंय. ते मनात आलं आणि मग ती उठली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत अडकवणारा दांडा, उघडला, काडतूस काढलं, रिकामी नळी दाखवायला हात वर केला.

कर्नल आले. "बाई, बंद पडली का?"

"नाही."

"मग? पुढे आहात तुम्ही. कळतंय ना?"

"कळतंय. चौथ्या नंबरावर माझं नाव लिहा."

"कारण तरी सांगा."

"नाचता येत नाही," थोरली म्हणाली आणि पट्टा सोडू लागली.

९

रिक्षात तिने पेटी पायांशी ठेवली होती. बोल्ट वेगळा काढून हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये. गेलेल्या जागेचं दुःख तिला होईल असं वाटलं होतं. झालं ते हलकं वाटणं. चला, सुटलो. संध्याकाळपर्यंत धाकटीच्या बोटात मुंग्या येतील. उद्या परवा शीर सापडेल. ती नवी पोर म्हणेल, मॅडम, तुम्हीच बघा. पेटी तिने वर नेलीच नाही. खालच्या मजल्यावर मीटरच्या खोलीत कपाट होतं, त्यात ठेवली, कुलूप घातलं.

घराचं दार लोटलेलं होतं. दुपारचं ऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं. धाकटी खुर्चीवर बसली होती, उजवा हात समोर टेबलावर ठेवून, दुसऱ्या कुणाचा तरी हात सांभाळायला दिलाय तशी.

"सोडून आले," थोरली चपला काढत म्हणाली. "गेली जागा. आता ओरडू नकोस."

"कधी सोडलंस?"

"झाला की तास. का?"

"आणि ती कुठेय?"

"खाली, कपाटात. बोल्ट इथे." तिने पर्स थोपटली. "आता तिला हात लावायचा नाही, मी नाही, तू नाही. बघू तुझं बोट."

धाकटीने हात हलवला नाही. बोट अर्धं वाकलेलं होतं. थोरली जवळ आली, वाकली, आणि उन्हात तिला दिसलं. शेंड्याच्या मांसात खळगा पडला होता. वरून कुणीतरी दाबत असावं तसा. खळग्याच्या कडा पांढऱ्या पडायच्या, दाब जरासा सुटला की गुलाबी व्हायच्या, परत पांढऱ्या.

थोरलीने आपला हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

धाकटी तिच्या हातांकडे बघत होती. आधी उजव्या, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. बघून झाल्यावर तिचा चेहरा अगदी निवांत झाला, सगळे प्रश्न संपल्यावर होतो तसा.

"तू नेम धरायचीस तेव्हा असंच व्हायचं," ती म्हणाली. "बाकी काही लागत नसलं तरी माझ्या बोटावर दुसरं बोट लागायचं. हळूच. ताई, मी इतके दिवस घाबरले नाही, कारण मला वाटायचं, तूच आहेस."

थोरली समोरच्या खुर्चीवर बसली. दोन्ही हात तिने टेबलावर ठेवले, धाकटीला दिसतील असे, पालथे. दोघी त्या बोटाकडे बघत राहिल्या. ते आणखी थोडं वाकलं, सावकाश, ज्याला घाई नाही त्याने वाकवावं तसं.